एक जूनची साठी

आमच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप वर्षभर तसा शांत असतो. कुणाच्या मुलाची लग्नपत्रिका, कुणाच्या वडिलांच्या दहाव्याचा निरोप, पावसाळ्यात कोयना धरणात किती टीएमसी पाणी झालं त्याचे आकडे, एवढंच. १ जूनला मात्र पहाटेपासून फोन वाजत राहतो. चौतीस जणांच्या ग्रुपमधल्या एकवीस जणांचा वाढदिवस त्या एकाच दिवशी येतो. त्या एकवीस जणांत मीही आहे.

हे असं का, ते माझ्या पिढीला सांगावं लागत नाही. पुढच्यांसाठी सांगतो. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालचा. त्याआधी डोंगरातल्या वाडीत मूल जन्मलं की कोतवालाच्या वहीत चढलं तर चढलं. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि पहिलीत नाव घालायला सहा वर्षं पूर्ण लागायची. बाप पोराला घेऊन उभा राहायचा, गुरुजी विचारायचे, "जन्म कधीचा?" बापाला तारीख ठाऊक नसायची, काळ ठाऊक असायचा. माझ्या वडिलांनी सांगितलं, "भूकंपात रांगत हुतं." कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. कोयनानगर जमीनदोस्त झालं, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली आणि पाटण तालुक्यात तिथून पुढं काळाचे दोनच भाग उरले, भूकंपाआधीचा आणि भूकंपानंतरचा. भूकंपात रांगणारं पोर जून १९७२ मध्ये सहा वर्षांचं असणं शक्य नाही, हे गुरुजींना कळलं असणार. पण शाळेत आलेलं पोर माघारी धाडायचं त्यांच्या जिवावर आलं असावं. त्यांनी रजिस्टरात लिहिलं, १ जून १९६६.

त्या एका ओळीवर माझं सगळं आयुष्य चाललं. नोकरी तिच्यावर लागली, वरिष्ठश्रेणी तिच्यावर मिळाली. ५८ वर्षं भरली म्हणून ३१ मे २०२४ ला मी शिक्षक म्हणून निवृत्त झालो. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेल्याची सेवा आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी संपते, त्यामुळं ३१ मे हा आमच्या पिढीतल्या शिक्षकांच्या एका मोठ्या फळीचा निवृत्तीचा दिवस. आणि या १ जूनला मी कागदोपत्री साठ वर्षांचा झालो. खरा कितीचा झालो, ते आज हयात असलेल्या एकाच माणसाला ठाऊक आहे. तिच्याकडं येतोच.

साठी जवळ आली तशी मित्रांनी सत्काराचं काढलं. साताऱ्यात एखादा हॉल, फेटे, शाल-श्रीफळ, कंदी पेढे, पोवई नाक्यावर फ्लेक्स. साडूंनी साठीशांतीचा विषय काढला. शिवाय एक छोटी स्मरणिका काढायची आणि तिच्यात मी लेख द्यायचा, 'साठ वर्षांनी मला काय शिकवलं'. सत्काराची हौस मला नव्हती असं म्हणणार नाही. आयुष्यभर वर्गात उभं राहिलेल्या माणसाला शेवटी चार जणांनी बरं म्हणावं असं वाटतंच. मी वही घेऊन बसलो आणि एका रात्रीत पानभर लिहिलं. कष्टाला पर्याय नाही. वाचनानं माणूस घडतो. परिस्थितीला दोष देत बसू नये. कुणापुढं हात पसरू नये.

सकाळी ते पान वाचलं आणि पुढं लिहवेना. सुटं वाक्य बघितलं तर एकही खोटं नव्हतं, पण सगळी मिळून खोटी होती. त्या पानावर मी सोडून दुसरं माणूसच नव्हतं. आणि 'कुणापुढं हात पसरू नये' असं लिहिणाऱ्या या माणसानं २००९ साली पाटणच्या दुय्यम निबंधक कार्यालयात आपल्या तीन बहिणींपुढं हात पसरला होता, त्यांनी त्या हातावर आपापला वाटा ठेवला होता, आणि तो हात मी मुकाट्यानं मिटला होता.

आई २००३ ला गेली, वडील २००८ च्या पावसाळ्यात. मागं तीन एकर बारा गुंठे जमीन. खाली ओढ्याकडेला भाताची खाचरं, वर नाचणीची वरकस, मधोमध विहीर. भावंडं आम्ही चौघं. आधी तीन बहिणी, शेवटचा मी. वर्षश्राद्ध झालं तेव्हा चुलते म्हणाले, "आता हक्कसोड करून घे, पुढं कटकट नको." मी बरं म्हणालो. इतक्या सहज म्हणालो की त्या वेळी काही विचार केल्याचं आठवतच नाही. दहावं, तेरावं, वर्षश्राद्ध, हक्कसोड असा आमच्याकडं क्रमच लागलेला आहे. सुतक फिटतं तसा बहिणींचा हक्कही फिटतो.

दिवाळीच्या आधीचा एक दिवस ठरला. थोरली आक्का कराडजवळच्या तिच्या गावाहून एसटीनं आली. मधली ताई नवी मुंबईहून आली. दाजी वाशीच्या मार्केटात माथाडी कामगार, त्यांचा एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी. धाकटी कोरेगाव तालुक्यातून आली. दस्त वाचून दाखवला. कॅमेऱ्यासमोर एकेकीला बसवलं, अंगठ्याचा ठसा घेतला. आक्कानं सही केली ती चौथीतल्या अक्षरात, सावकाश, शेवटचं अक्षर चौकटीच्या बाहेर गेलं. मग स्टँडसमोर भजी आणि चहा. मी तिघींना साड्या घेतल्या. संध्याकाळच्या गाड्यांनी त्या आपापल्या घरी गेल्या. पुढं फेरफार मंजूर झाला आणि सातबाऱ्यावर एकट्याचं नाव राहिलं, माझं.

शाळेच्या रजिस्टरातल्या एका ओळीनं मला सात महिन्यांनी मोठं केलं. फेरफाराच्या एका ओळीनं माझ्या बहिणींना त्या गावात नसल्यासारखं केलं. पहिली चूक गुरुजींनी माझ्यासाठी, मायेनं केली. दुसरी मी केली.

आता आक्का. मी जन्मलो तेव्हा ती नऊ वर्षांची. ओढ्यापलीकडच्या वाडीतून सुईणीला बोलवायला तिलाच पिटाळलं होतं. ती सांगते, संक्रांत चार दिवसांवर होती, बाया वाणाचं बोलत होत्या, पहाटेची वेळ, ओढ्याचं पाणी पायाला चावत होतं. माझ्या खऱ्या वाढदिवसाचा एवढाच पुरावा. त्याच वर्षी तिची शाळा सुटली, कारण मी. आई रानात जायची, मला कडेवर घ्यायला कुणीतरी हवं होतं. पाचवीच्या वर्गाचा उंबरा ती कधी चढली नाही. ताईचं लग्न होऊन ती मुंबईला गेली ती एका खोलीत, आणि त्या खोलीतून माझ्या डी.एड.च्या काळात दर दोन महिन्यांनी मनिऑर्डर यायची. फॉर्मवर दाजींचं नाव, खाली चार ओळींच्या जागेत ताईचा मजकूर. धाकटीचं लग्न माझी नोकरी लागण्याच्या आत उरकलं, कारण घरात एक पगार येणार म्हणजे पाहुणे हुंडा वाढवून मागतील, असा वडिलांचा अंदाज होता. तिला शिकायचं होतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

'स्वकष्टानं शिकलो' हे वाक्य मी निरोपसमारंभात बोललो होतो. टाळ्या पडल्या होत्या.

सातारा जिल्ह्याला अशा हिशोबाची ओळख नाही असं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं, ते आपण शाळाशाळांतून सांगतो. पण त्या बोर्डिंगातली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं, हेही सांगतो. निदान तिथं नाव घेतलं जातं. आपल्या घरात मात्र जिनं दिलं तिचं नाव आपण फेरफारानं कमी करतो आणि स्वतःला स्वावलंबी म्हणवतो.

आणखी एक गोष्ट मला टोचत राहिली. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेब आंबेडकरांचं नाव दाखल झालं. राज्यभर तो दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. सेवेच्या शेवटच्या वर्षांत त्या दिवशी मी मुलांना उत्साहानं सांगायचो, की हिंदू कोड बिल अडवलं गेलं म्हणून बाबासाहेबांनी १९५१ मध्ये कायदेमंत्रिपद सोडलं, आणि त्या बिलात मुलीला वारसाहक्क देण्याची तरतूद होती. मुली पुढच्या बाकावर बसून ऐकायच्या. त्यातल्या एकीनंही मला विचारलं नाही, "सर, तुमच्या बहिणींचं काय?" विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो?

कायदा काय आहे ते इथं थोडक्यात सांगतो, कारण 'आमच्या वेळी तसा कायदा नव्हता' ही पळवाट मी स्वतः वापरलेली आहे. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, पण त्या आधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. माझ्या तिघी बहिणी त्यात बसत नव्हत्या. देशाचा कायदा ९ सप्टेंबर २००५ पासून बदलला आणि लग्नाची ती अट राहिली नाही. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा हक्क मुलीला जन्मानं मिळतो, २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते याच्याशी त्याचा संबंध नाही. माझे वडील तर २००८ ला गेले. म्हणजे मी सह्या घेतल्या तेव्हा कायदा पुरता बहिणींच्या बाजूला होता. तरीही २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीधारकांत, म्हणजे शेती कसणाऱ्यांत, बायकांचं प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपासच होतं, आणि त्यातही नवऱ्याच्या मागं नाव लागलेल्या विधवा किती असतील हे कुठल्याही तलाठी कार्यालयात तासभर बसलं तरी उमगतं. कायदा बदलला. पण कायद्यानं दिलेलं हक्कसोडपत्रानं परत घ्यायची वाटही रीतसर, नोंदणीकृत आहे, आणि ती वाट आम्ही पक्की डांबरी केली.

मित्रांशी या विषयावर बोललो तेव्हा तीच चार उत्तरं आली जी मी सतरा वर्षं स्वतःला देत होतो.

पहिलं, लग्नात खर्च केला की. केला. पण तो गेला मांडवाला, जेवणावळीला आणि सासरच्यांना. हुंडा देणं-घेणं १९६१ पासून गुन्हा आहे, आणि त्या गुन्ह्याची रक्कम मुलीच्या हिश्श्यातून वळती करायची हा कुठला न्याय? माझ्या डी.एड.चा खर्च माझ्या वाट्यातून कुणी वजा केला नाही.

दुसरं, आई-वडिलांना मुलगा सांभाळतो. आमच्या घरातलं खरं सांगतो. आई शेवटचे पाच महिने अंथरुणाला खिळली होती. माझी बदली तेव्हा जावळी तालुक्यात, मी रविवारी जायचो. आक्का आणि धाकटी आळीपाळीनं आपली घरं सोडून येऊन राहिल्या. बाकीचं माझ्या बायकोनं केलं. तिघींनी आईचं अंग पुसलं, तिघींनी कपडे बदलले. मी औषधं आणली. त्या सेवेचा मोबदला म्हणून जमीन कुणाला मिळायची असेल तर माझा नंबर चौथा लागतो. आणि बायकोनं मला ऐकवलं ते मी विसरू शकत नाही. या लेखाचा कच्चा मजकूर वाचून ती म्हणाली, "माझ्या भावाकडं मीही सही करून आलेय, तेवढं ध्यानात ठेवा." लग्नाला छत्तीस वर्षं झाली. मला हे माहीत होतं, पण कधी दिसलं नव्हतं. एकाच घरात एक बाई आपला वाटा सोडून आलेली आणि दुसऱ्या तिघींनी सोडलेल्या वाट्याची ती मालकीण ठरलेली. असं प्रत्येक घरात आहे, म्हणून कुठल्याच घरात कुणी बोलत नाही.

तिसरं, जमिनीचे तुकडे पडतात. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. चार भाऊ असले तर चौघांची नावं लागतात, तेव्हा एकालाही कुणी म्हणत नाही की तुकडे पडतील, तू सही कर आणि जा. तुकड्यांची आठवण बहिणीच्या वेळीच होते. माझ्यापुरतं सांगायचं तर १३२ गुंठ्यांचे चार भाग केले की प्रत्येकी ३३ गुंठे येतात. २०२३ पासून आमच्या जिल्ह्यात प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याच्या खाली गेलं की तुकडा धरतात ते, जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे आहे. तुकडा पडत नाही. आणि जिथं पडतो तिथं वाटप न करता सामाईक खात्यावर नाव ठेवता येतं, पिकाचा वाटा घरपोच देता येतो.

चौथं उत्तर खरं अवघड आहे. बहिणींनी खुशीनं दिलं.

यावर मी बरेच दिवस अडकलो होतो. कारण आमच्या घरात भांडण झालं नव्हतं, कुणी धमकावलं नव्हतं. आक्का त्या दिवशी चहा पिताना म्हणाली होती, "आम्हाला काय करायचीय जमीन? माहेर ऱ्हाऊ दे म्हंजी झालं." मी ते वाक्य कित्येकांना कौतुकानं सांगितलं आहे. आता कळतं की ती मला आशीर्वाद देत नव्हती, अट घालत होती. मी जमीन सोडते, तू माहेर ठेव. दिवाळीला मुराळी यायला हवा, पंचमीला घरी न्यायला भाऊ हवा, पोरीच्या लग्नात मामा उभा हवा, आणि सासरी कुणी काही बोललं तर 'मला माझा भाऊ आहे' असं म्हणता यायला हवं. वाटा मागितलेल्या बहिणीचं काय होतं ते तिनं गावात बघितलेलं होतं. आमच्याच भावकीत एकीनं वाटप मागितलं. जमीन मिळाली, पण त्यानंतर तिला राखी बांधायला हात मिळाला नाही, आईच्या तेराव्यालाही ती रस्त्यावरूनच नमस्कार करून गेली. हे डोळ्यांनी बघितलेल्या बाईनं सही केली तर तिला खुशी म्हणायचं का? जी गोष्ट मला जन्मतः फुकट मिळाली, आपल्याच घरात जायची मुभा, ती तिला ३३ गुंठे मोजून विकत घ्यावी लागली.

म्हणून माझं म्हणणं असं की, हे मागणं बहिणीवर सोडून चालणार नाही. कायदा सांगतो की तिनं दावा करावा. दावा करण्याची किंमत फक्त तिला पडते, म्हणून ती करत नाही, आणि तिच्या गप्प बसण्याला आपण संमती म्हणतो. ज्याच्या नावावर कागद आहे त्यानंच आपण होऊन उठायला हवं. आणि त्याची वेळ साठी हीच आहे. तिशीत हे सुचत नाही, पोरं लहान असतात, कर्ज असतं. ऐंशीला शहाणपण आलं तरी बहीण राहिलेली नसते. मग भाचे-पुतणे कोर्टात उभे राहतात आणि ज्यांनी एकमेकांना कडेवर घेतलं होतं त्यांची पोरं एकमेकांना वकिलामार्फत ओळखतात. साठीला बहीण असते, आपण असतो, सही करायला हात स्थिर असतो.

यातही सगळ्यांना एका मापानं मोजता येणार नाही. जो भाऊ त्याच रानात राबतो, ज्याचं पोट त्या तीन एकरांवर आहे, त्याला जमीन चार ठिकाणी वाटून दे असं सांगायला माझी जीभ वळत नाही. त्यानं नावं ठेवावीत, पीक आलं की वाटा पोचवावा, एवढं तरी. माझा रोख माझ्यासारख्यांवर आहे. नोकरदार, पेन्शनर, साताऱ्यात किंवा पुण्यात फ्लॅट घेतलेले, गावाकडची जमीन वाट्यानं दिलेली किंवा पडीक. आमच्या त्या एकवीस जणांत असे तेरा आहेत. आमच्या ताटातला घास त्या जमिनीतून येत नाही. मग ती धरून ठेवली आहे ती कशासाठी? पठारावर पवनचक्क्या आल्यापासून, रस्ते झाल्यापासून जमिनीला आलेल्या भावासाठी. हे आपण मोठ्यानं म्हणत नाही, 'वाडवडिलांची आहे' असं म्हणतो. ते वाडवडील बहिणीचेही होते.

सरकारनंही यात करण्यासारखं आहे, आणि ते भाषणापुरतं नाही. मी चौकशीला गेलो तेव्हा जे कळलं त्यानं मला धक्का बसला. बहिणीनं भावाच्या नावे वडिलोपार्जित मिळकतीचा हक्क सोडायचा तर मुद्रांक किरकोळ, ठरावीक रकमेचा. शेतजमीन मुलाला, मुलीला, नातवंडाला बक्षीस द्यायची तरी मुद्रांक नाममात्र. पण भावानं बहिणीला तीच जमीन बक्षीसपत्रानं परत द्यायची तर बाजारमूल्याच्या ३ टक्के, कारण नाममात्र मुद्रांकाच्या यादीत भाऊ-बहीण नाहीत. घ्यायला स्वस्त आणि परत द्यायला महाग. कायदा करताना कुणाच्या मनात वाईट होतं असं मी म्हणत नाही. भाऊ परत देईल ही कल्पनाच कुणाला सुचली नसावी. ती यादी एका दुरुस्तीनं वाढवता येते. हक्कसोडीनं आलेली जमीन त्याच बहिणीला किंवा तिच्या वारसांना परत जात असेल तर मुद्रांक माफ करावा. राज्यानं अशी पावलं आधी टाकलेली आहेत. १९९२ मध्ये लक्ष्मीमुक्तीच्या निर्णयानं नवऱ्याला आपल्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायची वाट करून दिली, आणि त्यामागं शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं गावोगाव चालवलेली मोहीम होती. २०२१ पासून बाईच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. बायको झाली, घर झालं. बहीण राहिली.

२०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली, महिन्याला १५०० रुपये. ताईला ते मिळतात आणि तिला त्यांचा उपयोग होतो, म्हणून त्या योजनेला मी नावं ठेवणार नाही. आक्काला मिळत नाहीत, ती ६५ च्या पुढं गेली. पण त्या पैशांची बहिणीला गरज का पडावी, हा प्रश्न मी सरकारला विचारण्याआधी मला विचारायला हवा. ३३ गुंठे तिच्या नावावर असते तर पीककर्ज तिला मिळालं असतं, शेतकरी सन्मान निधी तिच्या खात्यावर आला असता, आणि तिच्या सुनेच्या बोलण्यातही थोडा फरक पडला असता. तीही गोष्ट लहान नाही.

स्मरणिकेचा लेख मी दिला नाही. सत्कार नको म्हणून मित्रांना कळवलं. कारण विचारलं तेव्हा हे सगळं लिहून ग्रुपवर टाकलं. दोन दिवस कुणी काही बोललं नाही. मग एकाचा फोन आला, रात्री दहानंतर. तो पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला. म्हणाला, "माझी एकच बहीण होती रे. गेल्या वर्षी गेली." मी विचारलं, भाचे आहेत का? "आहेत," म्हणाला, "पण त्यांच्याकडं कुठल्या तोंडानं जाऊ?" मला सांगता आलं नाही. मी फक्त म्हणालो की जा.

मुलाला आणि मुलीला मी बसवून सांगितलं. मुलगा म्हणाला, "पप्पा, तुमची आहे, तुम्ही ठरवा." मुलगी काही बोलली नाही, पण उठताना तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. साताऱ्यातल्या फ्लॅटचं मृत्युपत्र मी दोघांच्या नावे सारखं केलं आहे. बायकोनं तिच्या भावाशी काय बोलायचं ते ती ठरवेल.

बहिणींना मी एकेकीला फोन केला. ताई रडली. धाकटी आधी हसली, मग तिनं विचारलं, "अरे, तब्येत बरी आहे ना?" आक्कानं झटकून टाकलं. "यडा झालास व्हय? ह्या वयात मला काय करायचीय जमीन. लोक म्हणतील, भावाला लुबाडलं." मी म्हणालो, लोकांचं मी बघतो. ती म्हणाली, "तू तुझी साठी कर, गोड खा." आणि फोन ठेवला.

मी तिला सांगायचं विसरलो की माझी साठी अजून झालेलीच नाही. तिच्याच हिशोबानं ती येत्या संक्रांतीला होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिचाच फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, पाऊस कधी लागणार, भाताचं बी कुणी घेतलं. मग थोडा वेळ थांबली.

"देणारच हायेस का?"

"हो."

"मग हिरीवरचा तुकडा दे. आईनं लावलेला रायवळ आंबा हाय तिथं, ओढ्याच्या अंगाला. आन् बांधावर दोन साग हुते, ते हायेत का तोडलं?"

सतरा वर्षं तिनं त्या जमिनीचा शब्द काढला नव्हता. साग आहेत, मी म्हणालो.

मोजणीचा अर्ज दिला आहे. तारीख लागली की आक्का स्वतः यायची म्हणते, साखळी कुठून धरतात ते बघायला.